उसात रुतलेला रणगाडा

पुणे, ४ ऑगस्ट १९९९

ती. वैजनाथकाकांस,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा बरा असेल. आमच्या ऑफिसात एसी आला, कॉम्प्युटरला उकडू नये म्हणून. माणसांचं त्यातच भागतं.

आम्ही लष्करी अधिकाऱ्यांच्या सरावासाठी कॉम्प्युटरवर लुटुपुटूची लढाई रचतोय. हाताशी तोफ नाही, सुरुंग नाही. तरी गावकऱ्यांनी रणगाडा अडवायचा, हा भाग माझा. मी खंदक खणले, झाडं पाडली. साहेब म्हणतात, यातून तो सहज जाईल. आठवड्यात जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. तुम्ही बारा वर्षं रणगाडा चालवलात. तो कधी हरला का?

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही लवकर असावं.

हेमा

राहुरी, ७ ऑगस्ट

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

हरला, एकदाच. घरात मी इंजिन बिघडल्याचं सांगत आलो, ते खोटं.

अडुसष्ट साली सरावात आम्ही एका उसाच्या कडेला जेवायला थांबलो. शेतातली मुलगी येऊन म्हणाली, उसातून नेऊ नका, वळसा घाला. मी ऐटीत सांगितलं, या गाड्याला वळसा ठाऊक नाही. ती गेली. आमचं जेवण होईतो तिनं पाट फोडून पाणी उसात सोडलं. वरून हिरवंगार, खाली काळ्या मातीचा चिखल. वीस पावलांत गाडा पोटापर्यंत रुतला. रेटावा तसा आणखी खाली. ती बांधावरून एवढंच म्हणाली, "आता घाला वळसा."

गाडा काढायला तीन दिवस लागले. राखणीला मी, आणि भाकरी तिच्या घरून. पुढच्या वर्षी लग्न झालं. तीच तुझी काकू. शेजारी बसून सांगते आहे, पानी वरनं दिसाया नको, हे पोरीला नीट लिवा.

आमची माया आहे तशीच.

वैजनाथ

पुणे, २ सप्टेंबर

ती. काका-काकूंस सा. न.

परवा खडकीला खेळ दाखवला. एक निवृत्त ब्रिगेडियर स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले आणि सरळ हिरव्या उसात घुसले. चार मिनिटांत रुतले. मग विचारलं, हे कुणाचं डोकं? मी म्हटलं, माझ्या काकूंचं. ते मनापासून हसले. काम माझ्याकडेच राहिलं. काकूंनी अधिकाऱ्यांपुढे येऊन बोलावं, असा त्यांचा आग्रह आहे.

येताना लोभ सोबत आणावा.

हेमा

राहुरी, ६ सप्टेंबर

चि. हेमास आशीर्वाद.

काकू येते म्हणते. नवं लुगडंही काढून ठेवलंय. मलाही बोलावलंय की नाही, ते तू लिहिलेलं नाहीस. उलट टपाली कळव.

वैजनाथ