आईची मशेरी, माझी हिरडी

२७ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
उद्या ऑपरेशन. मन शांत. खालच्या पुढच्या दाताची हिरडी सरकून मूळ उघडं पडलंय. टाळूवरचा छोटा तुकडा कापून तिथे शिवणार. तुकडा धरला तर दात वाचला, नाही धरला तर दाताचं काही खरं नाही, असं डॉ. नाझिया म्हणाल्या. कारण विचारलं, तर म्हणे तुम्ही ब्रश फार जोरात घासता. त्यावर दीक्षाने लगेच तोंड घातलं, की डॉक्टर, हे दात घासत नाहीत, तवा घासतात. बायकोने परक्या माणसासमोर असं बोलू नये. माझ्या मते प्रकरण आनुवंशिक आहे. आई लग्नाआधीपासून मशेरी लावते. तिच्या तोंडात आता मोजकेच दात उरलेत. ते माझ्याकडे आलं असणार.

ऑपरेशननंतरचं पथ्य कडक असतं म्हणतात. मला त्याची भीती नाही. महाप्याच्या फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर आहे मी. नियम पाळणं आणि पाळायला लावणं हाच माझा धंदा.

२८ फेब्रुवारी, शनिवार
झालं. बोलता येत नाही, म्हणून लिहितो. डॉक्टरांचा रोजा होता. पहाटेपासून पाण्याचा घोट नाही, आणि हात जरासुद्धा हलला नाही. मनात म्हटलं, संयम असावा तर असा. आपल्यातही आहेच.

सूचना: ओठ ओढून टाके बघायचे नाहीत. स्ट्रॉ नाही. गरम, तिखट, कुरकुरीत काही नाही. त्या जागी ब्रश लावायचा नाही. औषधाचं पाणी तोंडात नुसतं धरायचं आणि सोडून द्यायचं, खळखळून चुळा नाहीत. कमी बोलायचं. तंबाखू बंद. शेवटच्या सूचनेवर मी हसलो (दुखलं). मी आयुष्यात तंबाखूला शिवलेलो नाही.

घरी आलो तर आईने नवीनच काढलं. म्हणाली, तुजं टाकं निघंपरत मी बी मशेरी लावनार नाय. मी कागदावर लिहून दाखवलं, की तुझ्या मशेरीचा माझ्या हिरडीशी शास्त्रीय संबंध नाही. दीक्षाने वाचून दाखवलं. आई म्हणाली, नसंल. पन मी लावनार नाय. मी लिहिलं, आपल्यात नवस नसतो. त्यावर ती चिडली. ह्यो नवस नाय, शब्द हाय, म्हणाली. संध्याकाळी वंदनेच्या वेळी बुद्धमूर्तीसमोर तिने तो शब्द दिलासुद्धा. मशेरीची डबी दीक्षाच्या ताब्यात.

मी विज्ञानवादी माणूस. पण खरं सांगायचं तर डोळे ओले झाले. (भूल उतरत होती, त्याचाही परिणाम असेल.)

१ मार्च, रविवार
गालावर बर्फ. दोन उश्या. थंडगार मुगाची खिचडी, पातळ. दीक्षाने घरात मासळी आणि फोडणी दोन्ही बंद केलीय, मला वास येऊन जीव जाऊ नये म्हणून. आईही तीच खिचडी खातेय. तिला म्हटलं, तू नीट जेव. म्हणाली, तुला नाय तर मला नाय.

आईची अवस्था वाईट. मशेरी नाही म्हणून डोकं धरलंय, पोट साफ नाही. सकाळपासून गॅलरीत फेऱ्या मारतेय. मधूनच बोट हिरडीकडे जातं आणि ती ते पदराला पुसते.

टाके एकदाच पाहिले. तपासणी म्हणून.

२ मार्च, सोमवार
टाके चार वेळा पाहिले. रोज एकाच वेळी पाहिलं तर तुलना होऊ शकते, म्हणून आधी योग्य वेळ शोधत होतो. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की ओठ ओढू नका, टाके सैल होतील. ओठ ओढल्याशिवाय टाके ठीक आहेत हे कळणार कसं? निरीक्षणाशिवाय सेफ्टी नाही, हे डॉक्टर लोकांना शिकवत नाहीत.

३ मार्च, मंगळवार
शहाळं. आतलं पाणी थंड, सौम्य, पथ्याचं. स्ट्रॉने प्यायलो. आता हे चुकलं असं वरवर वाटेल. पण शहाळेवाला ते कोयता लावलेलं शहाळं थेट तोंडाला लावायला देत होता, आणि तो कोयता मी पाहिला होता. दोन धोक्यांतला लहान निवडला. यालाच रिस्क असेसमेंट म्हणतात.

घरी विचारलं तर पेला मागून घेतला म्हणालो. आई म्हणाली, बरं केलंस बाबा. तिने दीक्षाकडे मशेरीची डबी मागितली होती, नुसती हुंगायला. दीक्षाने दिली नाही. आईने परत मागितली नाही.

मला कसंतरी झालं. उद्यापासून शंभर टक्के.

५ मार्च, गुरुवार
सेफ्टी वीक. माझं भाषण. डॉक्टरांनी कमी बोला म्हटलंय, म्हणून फक्त मुद्द्याचं बोलायचं ठरवलं होतं. पण विषयच असा आला की थांबवेना. आमचा सदू, दिघ्याचा, मशीन चालू असताना गार्ड, म्हणजे पुढची जाळी, उघडून हात घालतो. पकडला गेला की म्हणतो, साहेब, एकदाच घातला, काय झालं नाय ना? त्याच्यावर मी चांगला अर्धा तास बोललो. काही होत नाही तोवर काही होत नाही, असं वाक्य सुचलं. टाळ्या पडल्या. फॅक्टरी मॅनेजर अरविंद साहेबांनी हात मिळवला.

मग कॅन्टीन. सेफ्टी वीकचे वडापाव. मी ठामपणे नाही म्हणालो. सदू म्हणाला, साहेब, आतला बटाटा तर मऊच असतो की. मुद्दा चूक नव्हता. आतला बटाटा खाल्ला. मग ते वरचं कवच प्लेटमध्ये एकटं पडलेलं बघवेना. अन्न टाकून देणं आमच्या घरात चालत नाही. चटणी त्याला आधीच लागलेली होती, त्यात माझा दोष नाही.

थोडं रक्त आलं. भाषणाने आलं असणार.

घरी बेसिनमध्ये आईने ते लाल थुंकलेलं पाहिलं. चेहरा पांढरा पडला तिचा. काय खाल्लंस का रे, म्हणून विचारलं. मी हाताने ‘भाषण’ असं दाखवलं. रात्री जेवताना ती माझ्याकडे बघत खिचडी गिळत होती. मला घास जाईना. (पोटही भरलेलं होतं.)

६ मार्च, शुक्रवार
ठरवलं होतं, आज आईला खरं सांगायचं. संध्याकाळची वंदना ही वेळ चांगली. पण पंचशील म्हणताना पंचाईत झाली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते ओठावर आलं आणि ओठ भयंकर ओढला गेला. टाक्यांना धोका नको म्हणून मी तेवढं मनात म्हटलं. मग पुढचं जोरात म्हटलं, दारूचं, तिथे माझं खातं स्वच्छ आहे.

दीक्षाने डोळे मिटले होते. पण एक डोळा पूर्ण मिटलेला नव्हता असं वाटलं.

वंदना झाल्यावर शेजारची अक्षता आली. तिच्या सासूने आईसाठी पुडी पाठवली होती, ताजी भाजलेली मशेरी. घरभर तो करपट वास. आईने पुडी हातात घेतली. तिने पुडी परत केली आणि म्हणाली, माज्या लेकाचं अजून वलं हाय. मी आत जाऊन बसलो. एवढं वाईट मला नोकरीत मेमो आला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आजचा दिवस सांगायचा नाही. आईची तब्येत बरी नाही. बरी झाली की सांगू.

८ मार्च, रविवार
महिला दिन. दीक्षाला आज चुलीपासून सुट्टी द्यावी असा विचार मनात आला. म्हणजे माझ्यापुरतं वेगळं काही करायला लागू नये. मेहुणा ऋषी आला होता, त्याला घेऊन बाहेर पडलो. ऐरोलीत एका गाडीवर बोंबील तळत होते. मी ऋषीला सांगितलं, मला नको, मी नुसता सोबत बसतो. ऋषी म्हणाला, भावोजी, बोंबील म्हणजे मासळीतलं लोणी. लोणी तर पथ्याचंच. त्याने दोन प्लेट सांगितल्या.

बोंबील आतून लोणी होता हे मान्य. बाहेरून रवा होता. रव्याचा एक कण नेमका टाक्याखाली जाऊन बसला. जिभेने काढायला गेलो, निघेना. घरी येऊन काडीने काढायला गेलो, निघेना. शेवटी ब्रश. हार्ड नव्हे, मीडियम. अगदी हलक्या हाताने, तीनचारदाच.

ऋषीला बजावलं, घरी बोलू नकोस. तो म्हणाला, टेन्शन घेऊ नका. मग आईने त्याला चहा देताना विचारलं, आमचा सुगत पथ्य सांभाळतो ना रे भाईर? ऋषी म्हणाला, एकदम कडक. त्या पोराला खोटं बोलायला मी लावलं. आणि आईने हात जोडले.

१० मार्च, मंगळवार
काहीतरी पांढरं लोंबतंय. बारीक, कडेला. ते बरं होण्याचं लक्षण असावं. जखम भरताना असं होतं, मी मागे कुठेतरी वाचलंय. बोटाने परत जागेवर दाबलं.

डॉक्टरांना फोन करावा असं दोनदा वाटलं. पण त्यांचा उपासाचा महिना, उगाच माणसाला त्रास. शनिवारी टाके काढायला जायचंच आहे.

आज टाके एकदाही पाहिले नाहीत. सूचनेप्रमाणे. (बघवत नाही.)

१२ मार्च, गुरुवार
आई दिवसभर गप्प. खिचडीही अर्धीच. विचारलं तर म्हणाली, काय नाय. माझ्याकडे बघत नाही. तिला कळलं असेल का? ऋषी फुटला असेल का? फोन केला, तो म्हणाला, आईशप्पथ नाही.

मग काय झालं असेल? झोप नाही आली. तोंडाने श्वास घेतला की दाताच्या मुळाला थंड हवा लागते, पूर्वी लागायची तशी.

१३ मार्च, शुक्रवार
उद्या टाके. निर्णय घेतला: डॉक्टरांसमोर सगळं सांगून टाकायचं. शहाळं, वडा, बोंबील, ब्रश, त्याच क्रमाने. आई तिथेच असेल, तिलाही एकदाच कळेल. काही पाळणं राहिलं असेल तर ते कबूल करण्यात मोठेपणा असतो, हे मी सदूलाही सांगतो. मन हलकं झालं. मनाने मी सांगून मोकळाच झालोय जवळजवळ.

१४ मार्च, शनिवार, दुपार
सारसोळेला डॉक्टरांकडे गेलो. मी, दीक्षा, आई. आई हट्टाने आली. दवाखान्यात पंखा जोरात होता.

डॉक्टरांनी ओठ खाली केला. बघत राहिल्या. चिमट्याने काहीतरी अलगद उचललं, ते सहज हातात आलं. तुकडा धरलेला नाही, म्हणाल्या. टाळूच्या दुसऱ्या बाजूने काढून पुन्हा करावं लागेल, तेही काही महिन्यांनी, आधी हे भरू दे. तोवर दात टिकतो का बघू. मग सरळ विचारलं, सुगत, काय झालं? काही कडक खाल्लं? ब्रश लागला?

मी तोंड उघडलं. खरोखर उघडलं होतं. माझ्या मनात शहाळं होतं, सुरुवात तिथूनच करायची होती.

तेवढ्यात आई खुर्चीतून उठली आणि रडायला लागली. म्हणाली, डाक्टरबाई, त्याचं काय नाय, माजं चुकलं. परवा ऱ्हवलं नाय. डोकं फुटत हुतं, दीक्षा भाईर गेली तवा डबी काढली. बोटाला लागंल येवढीच लावली, आनि लगेच धुतली. शब्द दिला हुता आनि मोडला. माज्या लेकाची हिरडी माज्यामुळं गेली.

डॉक्टरांनी तिचा हात धरून बसवलं. त्यांचे ओठ उपासाने सुकलेले होते, पण आवाज फार मऊ होता. आजी, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, म्हणाल्या. तुमच्या बोटाने त्याची हिरडी कशी जाईल? आई मान हलवत राहिली. तिला ते पटेना. डॉक्टरांनी मग माझ्याकडे पाहिलं. दीक्षानेही पाहिलं. दोघींनाही कळलं होतं असं मला वाटतं. मी वरच्या दिव्याकडे बघत होतो, तोंड उघडंच होतं, आणि तोंड उघडं असलं की माणसाला बोलता येत नाही.

घरी येताना रिक्षात दीक्षा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. जागा मागे होती. मी आणि आई मागे. आईने मशेरी कायमची सोडली असं जाहीर केलं. तिच्या तब्येतीच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. मी किती वर्षं सांगत होतो. ती पदराने डोळे पुसत पुन्हा पुन्हा म्हणत होती, मला माफ कर रे बाबा.

शास्त्रीयदृष्ट्या तिचा काही दोष नाही, हे तिला सांगायला हवं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता.

शेवटी तिचं रडणं बघवेना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, होतं असं आई. केलं माफ. पुढच्या वेळी सांभाळ.