होडीला कुबडी नको

२ नोव्हेंबर १९३६
कडू नावाड्याच्या नावेत यापुढे पाऊल ठेवणार नाही. नदीपलीकडच्या जैनाबादहून येताना त्याच्या बकरीने माझं चित्र खाल्लं. शाळेच्या प्रदर्शनासाठी काढलेला असीरगड, बुरुजांसकट. कडू म्हणाला, "मास्तर, बकरीले काय समजते? घास समजून खाल्लं." चित्रात गवत नव्हतंच. घाटावर सर्वांदेखत सांगितलं : मीच काय, माझ्या घरचं कुणीही या नावेत बसणार नाही.
स्वतःची होडी बांधणार. वाचनालयातल्या विलायती मासिकात कयाकचा नकाशा आहे. एस्किमो लोकांची अरुंद होडी, वर शीड. सोपी दिसते.

९ नोव्हेंबर
होडी तयार. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर डांबर. शीड बायकोच्या, कुसुमच्या, जांभळ्या लुगड्याचं. तिला विचारलं होतं. कापल्यावर.
मासिक म्हणतं, शीड असेल तर औटरिगर लावा. होडीला आडवे दोन दांडे आणि त्यांच्या टोकाला तरंगणारा ओंडका, म्हणजे वाऱ्याने होडी कलंडत नाही. ही कुबडी झाली. लहान मुलं पाठीला भोपळा बांधून पोहतात, त्यातला प्रकार. दांडे बसवले, शोभेसाठी. ओंडका नाही.

११ नोव्हेंबर
कुसुमच्या भावाला, लीलाधरला, काल मुलगी झाली. जैनाबादला एकवीस तारखेला सकाळी बारसं. आत्या ही एकटीच, बाळाच्या कानात नाव हिनेच सांगायचं. म्हणाली, "मी कशी जाऊ? तुम्ही तर घाटावर शपथ घेऊन बसलात." म्हटलं, माझ्या होडीतून, राणीसारखी. तिने जांभळ्या शिडाकडे पाहिलं. खूश असावी.

१४ नोव्हेंबर, सकाळ
पहिली चाचणी. होडी पाण्यात अगदी सरळ उभी राहिली. मग मी बसलो.

संध्याकाळ
धोतर वाळलं. कोट अजून नाही.

१६ नोव्हेंबर
तळाशी दगड टाका, असं कडू त्याच्या नावेतून ओरडला. ऐकलं नाही. नंतर टाकले, पण स्वतःच्या विचाराने, आणि भरपूर. होडी सरळच्या सरळ बुडाली. कलंडली नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

१८ नोव्हेंबर
शीड उघडलं. होडी डावीकडे कलली, मी उजवीकडे झुकलो. जरा जास्त झुकलो. कडूने विचारलं, "मास्तर, तळाशी रोज कोणाले भेटाले जाता?" उत्तर तयार होतं. तोंडात पाणी होतं.
घरी माझं डोकं पुसताना कुसुम म्हणाली, "अहो, दांड्याला एक केळीचं खोड बांधा ना. आमच्याकडे पोरं खोडावर बसून नदी ओलांडतात." साफ नकार दिला. थोड्या वेळाने म्हणाली, "नाव सुचलंय मला बाळासाठी." पुसत राहिली. केस केव्हाच कोरडे झाले होते.

२० नोव्हेंबर
खोड बांधून पाहिलं. केवळ कुसुमच्या समाधानासाठी. होडी तसूभर कलली नाही. हा माझ्या सरावाचा परिणाम.
पण कुबडी कडूच्या नजरेस पडायला नको. खोड सोडून घरी आणलं, बाहेर दारात ठेवलं. उद्या घाटावर माणसं येण्याआधी बांधू.

२१ नोव्हेंबर, पहाट
खोड नाही. शेजारच्या मथुराबाईंच्या दोन म्हशी दारात उभ्या आहेत. तृप्त. मथुराबाई म्हणाल्या, "दारात टाकलं तं ढोरांसाठीच ना, मास्तर? सत्यनारायण केला अन् प्रसादाले बोलावलं नाही." पूजेनंतर केळीचे खांब गुरांना टाकतात, हे इथे पोरालाही माहीत आहे. मलाही होतं.
केळीचे मळे लांब. मुहूर्त जवळ. कुसुम शालू नेसून उभी. म्हटलं, तू जा कडूच्या नावेतून. म्हणाली, "मी तिच्यात बसले तर घाटावर तुमचं काय राहील? चला."

संध्याकाळ
जैनाबाद गाठलं. माझ्याच होडीतून.
वल्हं हिने घेतलं. मला म्हणाली, "तुम्ही तिकडे दांड्यांवर बसा. खोडाच्या जागी." तोल हेच मुख्य काम, म्हणून मी ते पत्करलं. "बाहेर" म्हणाली की बाहेर सरकायचं, "आत" म्हणाली की आत. मधोमध वारा अचानक पडला, शिडाचा जोर गेला आणि मी कंबरेपर्यंत पाण्यात गेलो. होडी जराही कलंडली नाही. शालू कोरडा राहिला. कडू नाव थांबवून ओरडला, "मास्तर, खोडाले मिशा फुटल्या!" अडाणी माणूस.
बारशाला मी दाराबाहेर उन्हात उभा होतो, निथळत. आतून हिचा आवाज आला. सुलभा. नाव चांगलं आहे.
कुसुम आठ दिवस माहेरी राहणार. परतताना वल्हं आणि तोल दोन्ही एकट्याने जमण्यासारखं होतं, पण वारा उलटा होता. कडूने दोर टाकून माझी होडी त्याच्या नावेमागे बांधली. त्याच्या नावेत पाऊल ठेवलं नाही. शपथ शाबूत.
होडी कलंडू नये म्हणून त्याने बकरी माझ्यासमोर बसवली. तिने शीड खाल्लं.
तोल उत्तम राहिला.