यंदा आम्ही घरी नाही

प्रताप नगर, नागपूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय अक्का,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? मेघाला म्हणावं, तेल जरा कोमट करून लावत जा.

मेघा, हे पत्र तूच आजीला वाचून दाखवणार, म्हणून आधी तुला सांगते. ओसरीत बायका बसलेल्या असताना वाचू नकोस बेटा. आजीला आत ने, दार लोटून घे आणि मग वाच. एकही ओळ गाळू नकोस. आजीला वाईट वाटेल म्हणूनही नाही.

अक्का, तुम्हाला नवल वाटेल की घराघरात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसली. फोन लावला होता मी. तुमचा आवाज आला की मी विचारते, जेवण झालं का, कापूस वेचायला बाया मिळाल्या का, आणि ठेवून देते. फोनवर मला खोटं फार पटकन सुचतं. कॉन्व्हेंटात सिस्टर पत्र लिहायला शिकवायच्या. कोपऱ्यात तारीख, मग ख्यालीखुशाली, मग मुद्दा. माझी ख्यालीखुशालीच पानभर चालायची. त्या समासात लाल शाईने लिहायच्या, 'चारुलता, मुद्द्यावर ये.' आजही मला उशीर होणार आहे. सांभाळून घ्या.

इकडे महागाई फार. त्यामुळे मी यंदा घरखर्चात बरीच काटछाट केली. कोपऱ्यावरच्या दुकानातून महिन्याचं सामान घरपोच यायचं, ते बंद केलं. आता मी आणि शेजारची भावना ऑटोने इतवारीत जातो आणि ठोक भावात आणून अर्धंअर्धं वाटून घेतो. तेलाचा डबासुद्धा दोघींत एक. बुधवारच्या बाजारात मी आता दिवेलागणीला जाते. तेव्हा भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते, उरलेली मेथी, वांगी निम्म्या भावात देतात. डाळ सकाळीच भिजत घालते म्हणजे गॅस कमी लागतो. तांदळाऐवजी कणी आणली. तिचा भात जरा गिचका होतो, पण ताकाबरोबर छान लागतो. तुमचे भाऊ पहिल्या दिवशी ताटाकडे पाहत म्हणाले, "हे काय वं, भात हाय का खीर?" मी म्हटलं, "जे हाय ते हाय." हसलो दोघंही.

खरं सांगू का, सुरुवातीला मला यात मजाच वाटत होती. लहानपणी बाबांच्या पोस्टातल्या पगारात आई घर चालवायची. साबणाचे उरलेले तुकडे कापडात बांधून तिने केलेल्या गोळ्याने आम्ही अंग धुवायचो. मोठ्या शाळेत जाणारी मुलगी म्हणून माझ्या गणवेशाला इस्त्री मात्र रोज असायची. आपण आईसारखं करतोय, असं वाटून मी खूश होते.

पण हे सगळं महागाईमुळे नव्हतं, अक्का.

जूनमध्ये प्रशिकची नोकरी गेली. विमानतळाजवळच्या मिहानमधल्या त्या कंपनीने पुष्कळ मुलांना एकाच दिवशी काढलं. तेव्हापासून तो घरीच आहे. मुलाखती देतो, "सांगतो म्हणाले" म्हणत परत येतो. यांचं पेन्शन तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही कोणालाही सांगितलं नाही. तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्ही गावभर सांगून ठेवलं होतं, "माहा भाचा विमानाच्या कंपनीत हाय." तो कॉम्प्युटरवर बसायचा, विमानाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायच्या की आम्ही कधी सुधारलं नाही. आता कोणत्या तोंडाने सांगायचं, असं मला झालं. त्याला नव्हतं झालं. तो म्हणाला होता, "आत्याला सांगून टाक न आई, काय होते?" मीच त्याला गप्प केलं.

मग सप्टेंबर संपत आला आणि दसऱ्याचं सामान भरायची वेळ आली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून दरवर्षी तुम्ही आणि तुमच्याकडच्या दहा-बारा बाया दीक्षाभूमीला येता, तीन दिवस आपल्याकडे उतरता. हॉलमधल्या खुर्च्या गच्चीवर जातात, सतरंज्या पडतात. पहाटेपासून चहाचं पातेलं उतरत नाही. तुम्ही माझ्या हातची पोळी बाजूला सारून म्हणता, "चारू, तुह्या पोळीतून चंद्र दिसते वं, भाकर कर." मला ते तीन दिवस किती आवडतात ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. एकुलती एक मुलगी मी, माझ्या माहेरी इतका गलबला कधी नव्हताच.

यंदा मात्र मी स्वयंपाकघरात उभी राहून पिठाचा डबा पाहत होते. ज्वारी, कणीक, तेल, साखर, दूध, वरचं एक सिलिंडर. महिनाभर पै-पै करून जे वाचवलं ते तीन दिवसांत जाणार, एवढंच मला दिसत होतं. तेवढ्यात तुमचा फोन आला. "यंदा चौदाजणी हावो वं, चालन ना?" आणि मी म्हटलं, "अक्का, यंदा आम्ही घरी नाही. यांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांसोबत बोधगयेला चाललो."

दुसरं काहीही सांगता आलं असतं. रंगकाम काढलंय, पाहुणे आहेत, मी आजारी आहे. पण मला माहीत होतं की आजारी म्हटलं तर तुम्ही माझं करायला म्हणून याल. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पीठही सोबत घेऊन आला असता. तेच मला नको होतं. नागपूरच्या घरी पाहुण्यांनी पीठ आणायचं, हे माझ्याने सोसलं नसतं. बोधगया म्हटल्यावर मात्र तुम्ही काही विचारणार नाही याची मला खात्री होती.

तुम्ही म्हणालात, "नशीब काढलं वं पोरी. जा. आमचं काय, आम्ही मैदानात झोपू." आणि ठेवता ठेवता म्हणालात, "तिथल्या पिंपयाचं एक पान आणजो माह्यासाठी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी प्रशिकला पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. मागच्या दाराने आमचं जाणं-येणं. पुढच्या खोलीतला पंखा नाही, दिवा नाही, कुकरची शिटी होऊ नये म्हणून पातेल्यात भात. तुमचे भाऊ जेवताना म्हणाले, "आपल्याच घरात चोरावानी राहून राहिलो आपण." भावनाला सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर गावाला गेलेत म्हण. तिने कारण विचारलं नाही, पण त्या आठवड्यात ती माझ्याबरोबर इतवारीत आली नाही.

दसऱ्याला दुपारी फाटकाची कडी वाजली. मी पुढच्या खोलीत खिडकीच्या पडद्यामागे होते. तुम्ही होता, अक्का. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, आणि मागे बाया, हातात रिकाम्या बाटल्या घेऊन. अंगणातल्या नळावर पाणी भरायला आला होता. मैदानात पाण्याला रांग मोठी होती, असं कोणीतरी म्हणत होतं. एक बाई कुलपाकडे पाहून म्हणाली, "खरंच गेले वं थे." तुम्ही म्हणालात, "मंग काय खोटं बोलन माही चारू?"

मी आत होते. हात लांबवला असता तर खिडकी उघडली असती.

बाटल्या भरून झाल्यावर बाकीच्या फाटकाबाहेर गेल्या, तुम्ही थांबलात. माझ्या कुंड्या सुकल्या होत्या. कोणाला आत माणूस आहे असं वाटू नये म्हणून मी पाणीच घातलं नव्हतं. तुम्ही कढीलिंबाच्या कुंडीची माती बोटाने चाचपून पाहिलीत. मग त्या गुडघ्यांनी खाली बसून, नळाखालचा डबा पुन्हा पुन्हा भरून सगळ्या कुंड्यांना पाणी घातलंत. "घरची माणसं आली की पायतीन, झाडं मेले तं वाईट वाटन तिले," असं स्वतःशीच बोलत होता. जाताना फाटकाच्या आतल्या बाजूला एक थैली अडकवून गेलात.

तिच्यात तुमच्या शेतातल्या तुरीची डाळ होती. त्या महिन्यात मला डाळ विकत आणावी लागली नाही. ती शिजवताना माझ्या मनात काय होत होतं हे मी लिहीत नाही, कारण शिजवली मी, आणि जेवलेही.

हे इथेच थांबलं असतं तर कदाचित मी कधीच सांगितलं नसतं. पण आठ दिवसांनी तुमचा फोन आला, "पान आणलं का वं?" मी म्हटलं, "हो अक्का." मग आणावंच लागलं. आमच्या मागच्या गल्लीत नाल्याकाठी एक पिंपळ आहे, त्याच्या बुडाशी लोक कचरा टाकतात. त्याचं पान मी तोडलं. धुतलं, पुसलं, जाड शब्दकोशात दाबून वाळवलं. तुमच्या गावचे भैय्याजी दवाखान्यासाठी नागपूरला आले होते, त्यांच्याजवळ दिलं. त्यांनी चप्पल काढून दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. मी त्यांना चहा दिला. बिनदुधाचा.

मागच्या आठवड्यात मेघाने फोटो पाठवला. बुद्धाच्या तसबिरीशेजारी ते पान काचेत बसवलेलं, समोर तुम्ही हात जोडून, मागे सगळ्या बाया. तिने लिहिलं होतं, 'आजी आता रोज पानासमोर बसून वंदना घेते, शेजारच्या गावाहूनही बाया पाहायला येतात.' आपण वंदनेत रोज जी पाच शीलं म्हणतो, त्यातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हणताना माझा आवाज आता निघत नाही. ओठ हलवते फक्त.

आणि परवा तुम्ही फोन केलात की जानेवारीत तुम्ही सगळ्या बोधगयेला जायचं ठरवलंय. घराघरात दुधाचा चहा बंद केला, साखर अर्धी केली, वर्षाच्या पापडांतले निम्मे विकले, अशी एकेक कहाणी तुम्ही हसत हसत सांगत होता. "तुह्यापासूनच शिकलो वं काटकसर." मग म्हणालात, "तू पाहून आली हायेस. तू आमच्या पुढं चाल. कुठं उतराचं, कुठं जेवाचं, तुले सारं माईत." मी "बरं" म्हटलं.

अक्का, मी बोधगया पाहिलेली नाही. आम्ही कुठेही गेलो नव्हतो. बोलले नाही तर जानेवारीत तुमच्या चौदाजणींना घेऊन मी अनोळखी गावात उभी असेन आणि तुम्ही माझ्याकडे पाहत असाल. खोटं नको म्हणून मी हे लिहितेय, असंही मला म्हणता येत नाही. तुम्ही मला पुढे चालायला सांगितलं नसतं तर कदाचित मी ते पान काचेतच राहू दिलं असतं. तेही तुम्हाला माहीत असावं.

पानाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. बायांना काय सांगायचं ते मात्र तुमच्यावर टाकणार नाही, ते मी येऊन सांगेन. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी आणि तुमचे भाऊ तेल्हाऱ्याला येतो. प्रशिकही येईन म्हणतोय. तुम्हाला त्या दिवशी माझं तोंड पाहावंसं वाटलं नाही, तर मेघाला एवढंच कळवायला सांगा की यंदा आम्ही घरी नाही. मी समजेन, आणि तरीही येईन. फाटकाबाहेर बसेन.

जानेवारीचं मी मागत नाही. बाया नको म्हणाल्या तर ते बरोबरच आहे. पण कोणी हो म्हणालंच, तर मला मागे चालू द्या. सामान धरायला, पाणी आणायला, पहिल्यांदाच जाणाऱ्या बाईसारखी.

दिवसभर लिहितेय. हे शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसलेत, पान उलटल्याचा आवाज आलेला नाही. आत्ता विचारलं, "झालं का वं लिहून?" मी म्हटलं, "सही राहिली." ते म्हणाले, "मंग कर, आता काहून थांबली?"

मेघाला आशीर्वाद. तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

तुमची,
दसऱ्याच्या दुपारी घरातच असलेली,
चारू