पहिली ओळ

मंठा
१९ जानेवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझा फोन बंदच असतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. गल्लीतले मच्छिंद्रकाका उद्या ट्रक घेऊन शहागडवरून जाणार आहेत. टायरच्या दुकानात थांबून हे तुझ्या हातात देतील. इकडे थंडी आहे. बाबा बरे आहेत, फार बोलत नाहीत. आईचं खाली लिहिते.

काम चालू आहे. तू सोडलेला जिनिंगच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम कंपनीने मलाच दिला, कारण तो मला तूच शिकवला होतास. सध्या नवीन कोड नाही. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर माणसांसाठी लिहिलेल्या कमेंट तेवढ्या एका साच्यात बसवायच्या. ओळींपुढच्या तारका एकाखाली एक. पहिल्या ओळीत एकच वाक्य, शेवटी पूर्णविराम. मग एक ओळ रिकामी. त्याखाली, आत काय येतं आणि बाहेर काय जातं. या कमेंटमधून मशीन माहितीची पानं तयार करतं. यादीत फक्त पहिली ओळ दिसते.

तुझ्या कमेंट लांब आहेत, दादा. ‘सकाळी कापसावर दव असतं, म्हणून सकाळची घट वेगळी धरली.’ साच्यात ‘म्हणून’ला जागा नाही. मी कापत राहते. उरतं ते बरोबर असतं, पण ते कुणीही लिहिलेलं असू शकतं.

माझी पहिली कमेंट तुला आठवते का? फंक्शन काय करतं ते मी सातव्या ओळीत सांगितलं होतं. तू म्हणालास, “प्रीते, भाषण करून राह्यली का? काय ते वरच्या ओळीत सांगून टाक. खालचं कुणी वाचत न्हाई.” आई दारात शेंगा निवडत होती. म्हणाली, “माझं तर वरचंबी कुणी ऐकत न्हाई.” किती हसलो होतो आपण.

बाबांशी भांडून तू गेलास, त्यानंतर तिने तुला दोनदा खोटे निरोप धाडले. एकदा छातीत दुखतंय म्हणून, एकदा चक्कर आली म्हणून. दोन्ही वेळा तू धावत आलास, आणि ती भाकरी थापत होती. दुसऱ्या वेळी तू पाणीही न पिता परत फिरलास. ती नंतर म्हणत राहिली, “आल्ता तर खरं.”

मागच्या महिन्यात काका तुझ्याकडे आले. “आईची तब्येत लई बिघडली, जल्दी चल,” म्हणाले. तू टायरवरून मान वर न करता म्हणालास, “तिला म्हणावं, तिसऱ्यांदा न्हाई फसणार.”

काकांचा दोष नाही. लांबच्या माणसाला असंच सांगतात आपल्याकडे. वाटेत त्याला काही होऊ नये म्हणून. खरं काय ते दारात आल्यावर कळतं. काकांना तसं सांगायला बाबांनीच लावलं होतं. तू म्हणालास ते काकांनी मला एकटीला सांगितलं. मी बाबांना सांगितलं, दुकान बंद होतं, शेजारी निरोप ठेवलाय.

अंधार पडेपर्यंत थांबलो. मंडळी सडकेकडे बघत होती. शेवटी बाबा म्हणाले, “चला आता.”

त्यानंतर तुला कळवायचं राहिलं. रोज बाबा म्हणतात, येईल तो. रोज मी तुझ्या कमेंट नीट करते.

या वेळी काका तुला जल्दी चल म्हणणार नाहीत. तशी जल्दी आता नाही. मी पुन्हा सगळं खाली ठेवलं, तू शिकवूनसुद्धा. वर लिहायचं ते इथे लिहिते. एक वाक्य, पूर्णविराम, मग एक ओळ रिकामी. त्याखाली काय लिहायचं ते मला येत नाही.

आई गेली.



प्रीती