कोतवाल बुकात सापडलेले डंभारे घराणे

यवतमाळ, बुधवार

श्री. बबनराव कुबडे, मु. बोरखेडी, यांस मनोहर डंभारे याचा नमस्कार.

मायना एवढाच, कारण तुम्हाला काय म्हणावे हे ठरवता ठरवता माझे तीन कोरे कागद फुकट गेले. 'तीर्थरूप' लिहावे तर तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान. 'प्रिय' लिहावे तर ते खोटे. सरकारी दप्तराप्रमाणे तुम्ही माझे भाऊबंद लागता, माझ्या मुलीच्या म्हणण्याप्रमाणे व्याही, आणि मला विचाराल तर गेल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत तुम्ही माझे कोणीच नव्हता आणि मी त्यात सुखी होतो. तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. ज्या माणसाला मी माझ्या बैठकीत बसवून इतके बोललो आणि जो एका शब्दाने उत्तर न देता चपला घालून निघाला, त्याची पचनशक्ती उत्तम असली पाहिजे. तुमच्या मातोश्री इंदूबाईंचा डोळा आता कसा आहे? (मी पाहिला तेव्हा ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्या माझ्याकडे जरा जास्तच स्पष्ट पाहत होत्या.) तूर, सोयाबीन बरे असेल. इकडे सर्व क्षेम. अपेक्षा माझ्याशी साडेतीन महिन्यांपासून कामापुरते बोलते, म्हणजे 'जेवण झाकून ठेवलं आहे' आणि 'गॅस बंद करा', एवढेच.

तुम्ही विसरला नसालच, तरी नोंद असावी म्हणून लिहितो (एकतीस वर्षे सरकारी बारनिशीत, म्हणजे आवक-जावकीच्या टेबलावर, काढली आहेत, नोंद नसली की मला गोष्ट घडल्यासारखीच वाटत नाही). अपेक्षा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लॅबमध्ये, तुमचा नयन तिथेच मशिनी दुरुस्त करतो, आणि दोघांनी आपापसात ठरवून मग वडीलधाऱ्यांना कळवण्याची मेहेरबानी केली. तुम्ही रीतसर मागणी घालायला आलात. मी दोन हरकती घेतल्या. पहिली, तुमच्या फाटकाला लागून उकिरडा आहे, आणि माझी मुलगी पदवी घेऊन शेणाच्या वासात नांदणार नाही. दुसरी, घराण्याची. डंभारे म्हणजे बोरखेडीची पाटीलकी, आणि कुबड्यांचे मूळ कुठले हे कुबड्यांनासुद्धा सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. तुम्ही चहाचा कप तोंडाला न लावता खाली ठेवलात. मला तेव्हा वाटले, बरे झाले, बशी तरी विसळावी लागणार नाही.

तुम्ही गेल्यावर अपेक्षा रडली असती तर मी दोन दिवसांत निभावून नेले असते. ती रडली नाही. ती म्हणाली, 'बाबा, पाटीलकीचा एक कागद दाखवा. एकच. दाखवलात तर मी स्वतः नयनला नाही म्हणते. नाही सापडला तर पोळ्याच्या आधी तुम्ही स्वतः नारळ घेऊन बोरखेडीला जायचं.' कागदाच्या बाबतीत मला आव्हान म्हणजे मासोळीला पाण्याची भीती घालण्यासारखे. मी हसून मान्य केले. ते हसू अजून माझ्या अंगाशी येते आहे.

पहिल्यांदा गेलो तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. (कोणता तालुका ते लिहीत नाही, माझा तिथे आणखी एक अर्ज पडून आहे.) तिथला कर्मचारी ज्या गतीने गठ्ठा सोडत होता त्या गतीने माझी पुढची पिढी म्हातारी झाली असती. पाटीलकीचे जुने कागद निघाले. बोरखेडीचे पाटील म्हणून त्यात तिसरेच कोणी, डंभाऱ्यांचा पत्ता नाही. मी म्हटले, जनगणना काढा. तो म्हणाला, 'काका, जनगनतीत डोकी मोजतात, नावं ठेवत नाहीत. ते कागद केव्हाच रद्दीत गेले.' म्हणजे इंग्रज सरकार माझ्या आजोबांच्या दारात आले, त्यांना मोजले, एक आकडा केला आणि माणूस फेकून दिला. असल्या सरकारचे राज्य गेले तेच बरे. लग्नाची नोंद विचारली तर कळले की त्या काळी लग्ने मांडवात होत, दप्तरात नव्हे, आणि साक्षीदार म्हणून जेवलेली माणसेच काय ती, ती सगळी मेलेली.

शेवटी बोरखेडीच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर मिळाले. त्यात माझे आजोबा होते. 'उकंडा, आडनाव डंभारे, जन्म १४ ऑगस्ट १९१३.' शाळेत हजर दिवस नऊ. शाळा सोडण्याच्या कारणापुढे मास्तराने सुबक अक्षरात लिहिले आहे, 'म्हशीमागे गेला.' पाटलाचा मुलगा म्हशीमागे जात नाही एवढे मलाही कळते. आता कबूल करतो की माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी आजोबांचे नाव 'कै. उत्तमरावजी' असे छापून घेतले होते. उकंडा म्हणजे उकिरडा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि माझी सासुरवाडी नागपूरची.

जन्मतारीख हातात आली म्हणून कोतवाल बुक मागवले. हे बुक म्हणजे गावचा कोतवाल दारोदार फिरून जन्म-मृत्यू लिहून नेई ते. वाळवी लागलेले, कडा खाल्लेले, पण अक्षर शाबूत. मी डंभारे शोधत गेलो. आमचे घराणे त्यात चार वेळा आले आहे, बबनराव. चारही वेळा मृत्यूच्या पानावर. 'डंभारे यांचे मूल, वय ९ दिवस.' 'डंभारे यांचे मूल, वय २ महिने.' तिसरे एक दिवसाचे, चौथे पाच महिन्यांचे. नावे नाहीत, ठेवलीच नसतील. आईचे नाव चारही ठिकाणी कौसल्या. म्हणजे माझी पणजी. मी आयुष्यभर लोकांच्या नोंदींवर हसलो आहे, त्या चार ओळींवर हसता आले नाही. कर्मचाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, त्या गृहस्थाबद्दल वर जे लिहिले ते थोडे कमी करून वाचावे.

मग १४ ऑगस्ट १९१३ काढला. एकच जन्म. 'मुलगा, उकंडा. बाप तुकाराम कुबडे. आई सत्यभामा.' शेऱ्यात, 'समक्ष पाहिले.'

डंभारे नव्हे. कुबडे! तुमचे पणजोबा आणि पणजी! मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. आणि मग मला जे सुचले ते तुम्हाला सांगायची खरे म्हणजे गरज नाही, पण पत्र सुरू केले आहे तर अर्धवट कशाला ठेवू. मला आनंद झाला. पाटीलकी गेली खड्ड्यात, पण दोन्ही घरे एकाच कुळाची निघाली तर अपेक्षा आणि नयन बहीण-भाऊ लागतात, आणि लग्नाचा विषयच मिटतो! मी त्या एका ओळीची शिक्क्यासकट नक्कल घेतली आणि धापा टाकत घरी येऊन अपेक्षापुढे ठेवली. तिने वाचली. म्हणाली, 'म्हणजे आपण कुबडे?' मी म्हटले, कागद म्हणतो तसे. ती म्हणाली, 'मग ज्यांचं मूळ कुणाला ठाऊक नाही ते आपणच. आणि आपण कुबडे नसलो तर हा कागद खोटा, मग नारळ आणा. कोणतं ते ठरवा.' आणि गॅस बंद करायला गेली.

तुम्हीच सांगा, या पेचातून कुठला बाप सुटेल? कुबडे म्हणवून घेतले तर साडेतीन महिने मी स्वतःलाच शिव्या घातल्या. डंभारे म्हणवून घेतले तर मुलगी तुमच्या घरी. म्हणून मी मागच्या चतुर्थीला बोरखेडीला आलो. तुम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेला आहात हे मी आधी खात्री करून घेतले होते, गैरसमज नसावा. ओट्यावर इंदूबाई एकट्या होत्या. मी नक्कल वाचून दाखवली आणि विचारले, उकंडा तुमच्या घरचा कसा? त्या इतक्या हसल्या की मला त्यांच्या डोळ्याच्या टाक्यांची काळजी वाटली.

'काहून रे बाबू,' त्या म्हणाल्या, 'तुले घरात कोनी सांगतलंच नाई? तुह्या पणजीचे चार लेकरं गेलते. पाचवं झालं तं तिनं टोपल्यात घातलं, आमच्या ह्या उकंड्यावर आणून ठेवलं अन् मांगं न पाहता निंगून गेली. माही आजेसासू सत्यभामा, तिनं उचललं. मले लेकरू सापडलं म्हनून गावभर सांगतलं. तिचा राघो अंगावर पेत होता. एका आंगाले राघो, एका आंगाले उकंडा. सव्वा मयना ठेवलं, मंग देल्लं वापस.'

राघो म्हणजे तुमचे आजोबा राघोजी. मी म्हटले, मूल जगावे म्हणून ते टाकून परक्याकडून उचलून घ्यायची रीत मला माहीत आहे, पण रीत वेगळी आणि सरकारी नोंद वेगळी. तुमचा कोतवाल निव्वळ गाढव होता, दुसऱ्याचे मूल तुमच्या नावावर चढवतो आणि वर समक्ष पाहिले लिहितो. तेव्हा इंदूबाईंचे हसू थांबले.

'थो गाढव नोता. त्याले सारं ठावं होतं. थो पुसाले आला तं कौसल्या म्हने, माह्यं नाई ते, माह्यं कोनीच नाई. अन् पदर तोंडात धरून उभी राह्यली. मंग त्यानं म्हटलं, बाई, मी बी कुबड्याचंच लिवतो. यमानं सरकारी बुक उघडून पाह्यलं तरी तुह्यं लेकरू त्याले सापडू नाई.'

मी नक्कल घडी करून खिशात घातली. पण स्वभाव जात नाही, म्हातारीच्या बोलण्याला पुरावा काय, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि या वेळी पूर्ण पान काढायला लावले. माझ्या ओळीच्या बरोबर एक बोट वर, ३ ऑगस्ट १९१३, 'मुलगा, राघो. बाप तुकाराम कुबडे. आई सत्यभामा.' एक बाई अकरा दिवसांत दोनदा बाळंत झाली आहे आणि दोन्ही वेळा कोतवालाने समक्ष पाहिले आहे! ही नोंद वरच्या साहेबाने तपासून सही केली आहे, आणि शंभर वर्षांनी बारनिशीतल्या एका सेवानिवृत्त हुशार माणसाने शिक्का मारून नक्कल नेली आहे. त्याला एक बोट वरची ओळ दिसली नाही. त्याला स्वतःचेच घराणे शोधायचे होते ना.

तेव्हा निष्कर्ष असा, की आम्ही कुबडे नाही, पाटील तर नाहीच नाही. आम्ही तुमच्या फाटकाजवळचे. या कामी माझी एक प्लास्टिकची फाइल, दोन चष्मे (एकावर बसलो) आणि पाटीलकी खर्ची पडली. यावरून माझे तुमच्याबद्दलचे मत बदलले असे मात्र समजू नका. तुम्ही बैठकीत उलट बोलायला हवे होते. शांत माणसाशी भांडण जिंकल्याचे समाधान मिळत नाही, हा तुमचा दोष मी आजही दोषच मानतो. कळावे. लोभ असावा असे लिहिण्याचा हक्क मी घालवला आहे, पण ती जागा रिकामी सोडायला हात धजत नाही.

आपला (काय ते वर ठरले नाही),
मनोहर उकंडाजींचा नातू डंभारे

ता. क. पोळ्याला दहा दिवस उरले आहेत. नारळ आणला आहे. अपेक्षाने हलवून पाहिला, पाणी आहे म्हणाली. आज ती माझ्याशी सात वाक्ये बोलली.

ता. क. दुसरा. लग्न ठरले तर पत्रिका माझ्याकडे द्या, मुद्रितशोधन मला जमते. वराकडे 'कै. सत्यभामाबाई कुबडे यांचा खापरपणतू' छापालच. वधूकडेही तेच नाव छापू द्या, कौसल्याबाईंच्या शेजारी. लोक म्हणतील छपाईची चूक आहे. म्हणू द्या. आणि आजोबांचे नाव उकंडा, पूर्ण, ठळक अक्षरात. नागपूरच्या लोकांना मी समजावतो.

ता. क. तिसरा, आणि हे सगळे लिहिले ते यासाठीच. रविवारी सकाळच्या बसने मी येतो आहे. आल्यावर थेट आत येण्याचे धाडस मला होणार नाही, हाक मारायला तर त्याहून नाही. मी फाटकाबाहेर उकिरड्यापाशी नारळ घेऊन उभा राहीन. तुमच्या घरातले कोणीतरी येऊन मला उचलून आत न्यावे.