चादरीचं दुसरं टोक

४ नोव्हेंबर
गेल्या वर्षी त्या सकाळी भांडी झाली, केर झाला, आणि मोठी चादर पिळायला आम्ही दोघं गच्चीवर गेलो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला हे. तू उलटी पिळतेस म्हणून आपला संसार सरळ चाललाय, हे ह्यांचं नेहमीचं. मी हसले, आणि हातातली चादर एकदम सैल पडली. ह्यांनी टोक कधी सोडलं नव्हतं. ह्यांना जाऊन वर्ष झालं. चादर तेव्हापासून कपाटात आहे. मला एकटीला पिळवत नाही.

आज मात्र बरं वाटलं. ह्यांच्या भाचीच्या ओळखीने कामाला लागले. तिच्या कंपनीचा उपग्रह वरून जमिनीचे फोटो काढतो. फोटोतल्या इमारतींच्या सावल्या मोजायच्या, त्यावरून उंची निघते. भाची म्हणाली, मामी, आता दिवसभर सावलीतच बसायचं. खुर्ची गोल फिरते. कुणी नसताना फिरून पाहिली.

११ नोव्हेंबर
आज आमचीच वस्ती समोर आली. घर ओळखलं: निळी टाकी, वाळत घालायची तार. उपग्रह इथून सकाळी जातो, ऊन तिरपं असतं. माणूस ठिपक्याएवढा, पण त्याची सावली लांब पडते.

गच्चीच्या कडेला एक सावली होती. ठिपका नव्हता. फोटो शुक्रवारचा, तेव्हा मी इथे कामावर, घराला कुलूप. भाची म्हणाली, टाकीची असेल. टाकीची शेजारी वेगळी पडली होती.

१८ नोव्हेंबर
नवा फोटो. सावली तारेपर्यंत आली आहे. मोजली. ह्यांच्याच उंचीची. भाचीने पुन्हा मोजली, तेवढीच आली.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. भीतीने, की कशाने –

२५ नोव्हेंबर
काल रविवारी उपग्रह यायच्या वेळी तारेखाली जाऊन उभी राहिले. कुणी नव्हतं. पायाशी माझी सावली होती, नीट पाहिली होती.

आज फोटो आला. ठिपका आहे, मी आहे. सावली एकच. लांब. ह्यांची. माझ्या पायाशी काहीच –

भाचीने माझा हात घट्ट धरला. "मामी, त्या घरी परत जाऊ नकोस. मामा असा नव्हता गं."

तिच्याकडेच आले आहे. तिने अंथरूण घातलं. डोळा लागत नाही. हे वर्षभर गच्चीवर उभे, आणि दुसरं टोक धरायला कुणी –

२६ नोव्हेंबर
कामाला गेले नाही. घरी येऊन मोठी चादर धुतली. गच्चीवर नेली, पिळली, वाळत घातली. एकटीने नाही.

मग खाली पाहिलं. चादरीची सावली. तिच्या शेजारी ह्यांची. माझी –