तीनशे दोनमधली पंगत

४ नोव्हेंबर

आज अस्मादिकांचे गोंदिया नगरीत विजयी पदार्पण झाले. स्वागतास एक ऑटोरिक्षा आणि राइस मिलच्या कोंड्याचा धूर, एवढेच उपस्थित होते. 'धानश्री रेसिडेन्सी' या नूतन गृहसंकुलाची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकून ग्राहकांस मोहित करणे, हे माझे नवे जीवितकार्य. पन्नाशीत मनुष्याने वानप्रस्थाचा विचार करावा. मी फिल्टरचा करतो.

मालक हेमेंद्रशेठ यांनी राहण्यास तीनशे दोन क्रमांकाचा फ्लॅट दिला आहे. आजवर मी खानावळींचा आश्रित होतो. पत्नी उर्वशी आणि कन्या रुचिका नागपुरात. आता अर्धे वर्ष सरताच दोघी कायमच्या येथे येतील. या एका वाक्यासाठी मी हेमेंद्रशेठांचे सर्व विनोद हसून सोसतो. चौकीदार मंगरू वगळता संकुलात अद्याप कोणी राहत नाही. शेजाऱ्यांशी कलहाची शक्यता शून्य.

७ नोव्हेंबर

रिकामे घर कोणी घेत नाही, नांदते घर घेतात, असे हेमेंद्रशेठ हिंदीत म्हणाले. तस्मात् मी नांदणे निर्माण केले. मंगरूच्या घरच्या साड्या बाल्कन्यांत वाळत टाकल्या. बंद दारांपुढे चपला मांडल्या. एकाच जोडाने चारही मजल्यांवर संसार थाटला, हा त्या जोडाचा पराक्रम. इथे कोण राहते, असे इन्स्टाग्रामवर एकीने विचारले. मी उत्तर दिले, सुखी माणसे.

१० नोव्हेंबर

आज परमोच्च कलाकृती सिद्ध झाली. तीनशे दोनच्या दिवाणखान्यात केळीची तीन पाने मांडली: थोरले, मधले, धाकटे. नव्या धानाचा भात, वरण, वांग्याची भाजी. दृश्यास वैदिक तेज यावे म्हणून पानांभोवती पाणी फिरवले, चित्राहुती घातल्या आणि 'सर्वेभ्यो भूतेभ्यो नमः' हे खड्या आवाजात म्हटले. समस्त भूतमात्रांस इतके साग्रसंगीत निमंत्रण समाजमाध्यमावरून प्रथमच गेले असावे.

भाताला चकाकी यावी म्हणून त्यावर शिलाई मशीनचे तेल चोपडले होते. साहजिकच कोणी जेवले नाही. छायाचित्रण संपताच पाने उचलून कचऱ्यात टाकली.

१२ नोव्हेंबर

देवरीहून ओमेश्वर नावाचे गृहस्थ सपत्नीक फ्लॅट पाहण्यास आले आणि तीनशे दोनच्या उंबऱ्याशीच थबकले. माणूस जेवत असताना त्याच्या घरात कसे शिरावे, असे म्हणाले. मी त्यांना रिकामा दिवाणखाना दाखवला. त्यांनी मला मोबाइल दाखवला.

मीच टाकलेले पंगतीचे छायाचित्र. थोरल्या पानापुढे एक पाठमोरा पुरुष. त्याच्या अंगात माझा तपकिरी स्वेटर.

तो स्वेटर त्या क्षणी माझ्या अंगात होता.

हा तांत्रिक दोष होय, असे मी निदान केले. त्या निदानास भारदस्त संस्कृत शब्द सापडला नाही.

१४ नोव्हेंबर

छायाचित्र पुसले. जेवणाच्या वेळेस ते परत आलेले होते. मधल्या पानापुढे आता एक स्त्री, तीही पाठमोरी. धाकटे पान रिकामे. मॉडेल कुठून आणली, असे हेमेंद्रशेठांनी कौतुकाने विचारले.

खाली रुचिकाने लिहिले आहे: बाबा, छोटं पान माझं ना?

तिची प्रतिक्रियाही पुसली. तीही परत आली.

१५ नोव्हेंबर

उर्वशीस फोन केला. ती आमगावची माहेरवाशीण. माझी एकही कोटी तिने आजवर न टोकता सोडलेली नाही. आज सगळे निमूट ऐकले. मग इतकेच म्हणाली, "पान वाढलं, बोलावलं, अन् उपाशी उठवलं काऊन जी?"

उपाय तिनेच सांगितला. पुन्हा तसेच वाढायचे, या वेळी खरे. ज्याने बोलावले त्यानेच तिन्ही पाने संपवायची; शीत उरता कामा नये. मध्येच उठायचे नाही. उठले तर आपली जागा त्या आलेल्यांची.

हे निस्तरेपर्यंत इकडे फिरकू नका, असे मी बजावले. तिने वचन दिले.

१६ नोव्हेंबर, सकाळ

वाढले. बसलो. थोरले पान संपले. छायाचित्रातला पुरुष गेला. मधले संपले, स्त्री गेली. शास्त्राचा विजय असो. आता केवळ धाकटे.

दुपार

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा उष्टा.

धाकट्या पानावरचा भात संपत नाही. खातो, तरी तितकाच. वाफ निघते आहे. छायाचित्रात कोणी नाही. मग इथे —

फोन वाजला. उर्वशी. सकाळीच तुम्ही फोन केला, म्हणते. सगळं निस्तरलं, जेवायला या, म्हणालात. गाडीने आलो. फाटकाशी आहोत, रुचिका पुढे धावली —

मी फोन केला नाही. सकाळपासून इथून हललो नाही. सांगायचे होते. तोंडात भात. गिळतो, पुन्हा भरते —

जिन्यात पावले. तिचीच. दोन-दोन पायऱ्या गाळत येते.

घंटी.

दार उघडले. मी नाही उघडले. माझ्याच आवाजात कोणी — "आलीस बेटा? हात धू. तुझं पान वाढलं आहे."

उठू नये, ठाऊक आहे. उठतो आहे. माझी जागा घ्या — हवी ती घ्या — फक्त तिला या पाना